उंबऱ्यापर्यंतचा धवला

जोमा-पदूची नवी गाणी यंदाही आली. होळीच्या आगेमागे, लग्नसराईच्या तोंडावर, गेली चाळीसेक वर्षं येतात तशीच. आधी कॅसेट यायची, मग सीडी आली, मग पेनड्राइव्हवर भरून द्यायचे, आणि आता फोनवर बोट ठेवलं की दोघे भाऊ गायला लागतात. जोमाकाकांचा आवाज हल्ली वरच्या पट्टीत चिरतो. पदूकाका पेटीवर, त्यांची बोटं मधेच एखादा सूर चुकवतात. तरी आमच्या आगरी घरांत त्या दिवशी दुसरं काही वाजत नाही. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरून एक गाणं ऐकू येतं, सातव्यावरून दुसरं, आणि खाली उभ्या रिक्षातून तिसरं. पन्नाशी उलटलेल्या बायका एकमेकींना फोन करून विचारतात, "ऐकलंस का गो?" मीही त्यातलीच. लाज वाटावी इतकी त्यातलीच.

यंदाचं शेवटचं गाणं लागलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. ढोलकी नाही, बेंजो नाही. नुसती पेटी, आणि जोमाकाका अगदी हळू,

"उंबराचे डालीखाली कोन गो उबी र्‍हायली,
आयेची लेक माजी हलदीनं न्हायली..."

कोथिंबीर हातातच राहिली. तो धवला माझ्या आईचा होता.

धवला म्हणजे आमच्या लग्नात प्रत्येक विधीला म्हणायचं गाणं, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. माझी आई धवलारीण होती. धवल्याची चाल सगळीकडे थोडीफार सारखीच, पण शब्द प्रत्येकीचे आपापले. उंबराखाली हळदीनं न्हायलेली ती लेक फक्त आईच्याच धवल्यात होती. पाच-सहा मिनिटं मी ओट्याला टेकून ऐकत राहिले. लेकीची हळद झाली, मांडव झाला, तांदूळ पडले, आणि मग,

"उंबऱ्याव पाय दिला, लेक मांगं बगं..."

इथे पेटी थांबली. गाणं संपलं.

पण ते तिथे संपत नव्हतं. पुढे पुष्कळ होतं. पाठवणीचा सगळा धवला त्या उंबऱ्यानंतरच तर सुरू व्हायचा. माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न वैशाखात ठरलंय, आणि आई जाऊन अकरा वर्षं झाली. तो पुढचा भाग मला हवा होता. माझ्या लेकीला निघताना तो ऐकवायचा, एवढं एकच मला त्या दिवसापासून सुचत राहिलं. कारण तो कसा होता ते मला आठवत नव्हतं. एक ओळसुद्धा नाही.

बस्त्यासाठी पनवेलच्या बाजारात गेले, तेव्हा पाय आपोआप टपालनाक्याकडच्या त्या गल्लीत वळले. तिथे कॅसेटचं दुकान होतं. आता मोबाईलची कव्हरं टांगलीत, रंगीत, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दुकानातल्या माणसाने विचारलं, "मॅडम, कौनसा मॉडेल?" मी म्हटलं, बघतेय नुसती. मला बघायचं होतं ते त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं, म्हणजे आता नव्हतं.

त्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कॅसेट असायच्या. नवी आली की दुकानदार सकाळपासून बाहेरचा कर्णा लावून ठेवी, आणि अख्ख्या बाजाराला कळे की जोमा-पदू आले. आम्ही खाडीकाठच्या आमच्या गावातून शाळेसाठी पनवेलला यायचो. त्या दिवशी शेवटचे दोन तास बुडवायचे, हे ठरलेलं. कॅसेटच्या कव्हरावर दोघे भाऊ एकसारखे शर्ट घालून, काळे चष्मे लावून उभे असत. मागे कुठल्यातरी बागेतलं कारंजं. डबी उघडली की छापील कागदाचा आणि नव्या प्लॅस्टिकचा जो वास यायचा, तो मी आजही कुठल्याही वासातून वेगळा काढीन. गुंतलेली टेप पेन्सिलीने गुंडाळायची गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही. मी सांगते ती आमच्या ओट्याची.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर आळीतल्या सगळ्या पोरी जमायच्या, कारण टेपरेकॉर्डर आमच्याकडे होता. आधी पहिली बाजू पूर्ण ऐकायची, मधे कोणी बोलायचं नाही. मग दुसरी. मग भांडण. यंदा हळदीला कुठलं वाजणार यावरून आम्ही पोरी एकमेकींच्या वेण्या ओढायच्या बेताला यायचो. गाण्यात आमच्या गावांची नावं असत. उलवा, गव्हाण, कळंबोली असं कोणी गाण्यात म्हणतंय, याचं आम्हाला केवढं अप्रूप! शाळेच्या पुस्तकात आम्ही कुठेच नव्हतो, पण कॅसेटमध्ये होतो. एका वर्षी आमच्या गावाचं नाव आलं, तर सरपंचांनी साखर वाटली.

आई ओट्याच्या टोकाला बसून सुकट निवडत असायची. दिवसभर मिठागरावर डोक्याने मीठ वाहून आलेली. तिच्या पायांच्या भेगांत मिठाचे पांढरे कण बसलेले असत. दोन्ही बाजू संपल्या की ती एवढंच म्हणे, "तो पदू पेटी बरी वाजवतं." आणि उठून चुलीकडे जाई.

लग्न कुठेही असो, आधी आईला बोलावणं यायचं. विडा-सुपारी घेऊन माणूस दारात. मग ती मिठाचे हातपाय खोबऱ्याच्या तेलाने चोळून, हिरवं लुगडं नेसून निघायची. हळद कांडायला बायका बसल्या की तिच्यापुढे सुपात तांदूळ ठेवत. ती त्यावर हात ठेवी, डोळे मिटी, आणि सुरू करी. मागून दोघीजणी ओळ झेलत. ओल्या हळदीचा वास, उंबराच्या तोडलेल्या फांदीचा चिकाचा वास, दिव्याचं तेल, आणि या सगळ्यावरून आईचा तो लांबच लांब ओढलेला आवाज. तो गोड नव्हता. त्यात ठेका नव्हता. पण भटजी यायच्या आधीचं निम्मं लग्न त्या आवाजाने लागलेलं असायचं. तिने म्हटल्याशिवाय हळकुंडाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

मला त्याची लाज वाटायची. ही गोष्ट मी आजवर कोणाला सरळ सांगितलेली नाही. पनवेलच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी एकदा गावच्या लग्नाला आल्या होत्या. आईचा धवला ऐकून एकीने मला विचारलं, "तुझी आई गातेय का रडतेय?" दुसरी फिसकन हसली. त्यांच्याबरोबर मीही हसले. आई समोरच होती. तिचे डोळे मिटलेले होते, पण कान कोणाचे मिटतात?

मी एकुलती लेक. धवला आईकडून लेकीला जातो. तिने मला बसवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. दुपारी जेवणं झाली की म्हणे, "ये गो, धवल्याच्या चार ओली शीक." मी म्हणे, आई, अभ्यास आहे. अभ्यास म्हणजे जोमा-पदूची गाणी वहीत उतरवून घेणं. माझ्याकडे त्यांच्या गाण्यांच्या तीन वह्या होत्या, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर दोन रंगांत नाव. आईच्या धवल्याची एक ओळही मी कधी लिहून घेतली नाही. आई काय, घरातच आहे. नवी कॅसेट वर्षातून एकदाच येते.

आणि मग माझं लग्न झालं.

त्या वर्षीची कॅसेट लग्नाच्या आठवडाभर आधी आली होती, म्हणजे माझ्यासाठीच आली असं मी धरून चालले. हळदीला आईला मी दोनच धवले म्हणू दिले. तिसऱ्याला पोरांनी कॅसेट लावली, कारण मीच त्यांना खूण केली. आईने तांदळावरचा हात काढून घेतला. नवऱ्याकडची माणसं कळंबोलीची, लोखंड बाजारात धंदा असलेली, जरा ऐटीतली. त्यांच्यासमोर मला शोभायचं होतं.

पाठवणीच्या वेळी मी उंबऱ्यावर पाय ठेवला. आई सूप घेऊन पुढे आली. तिने तांदळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "उंबऱ्याव पाय दिला, लेक मांगं बगं..." बाहेर गाडीपाशी नवऱ्याचे मित्र नाचायला खोळंबले होते. त्यांच्यातला एक माझ्याकडे बघून गालात हसतोय असं मला वाटलं. खरंच हसत होता का, देव जाणे. मी आईच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आई, राहू दे गं आता. ते लोक थांबलेत. नवीन कॅसेट लावू दे."

तिने डोळे उघडले. माझा पदर नीट केला. सूप शेजारच्या बाईच्या हातात दिलं. मग कॅसेट लागली, सगळे नाचले, मीही गाडीत बसून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आईला बोलावणी कमी होत गेली. धवलारणीच्या लेकीच्याच लग्नात कॅसेट वाजली म्हटल्यावर दुसऱ्यांनी कशाला विडा घेऊन यायचं? कोणी असं बोललं नाही, पण झालं तसंच. मागून झेलणाऱ्या दोघी आधी गेल्या. मग गावच गेलं. विमानतळासाठी जागा गेली, घरं पाडली, ट्रक भरभरून माणसं हलली. आमचा ओटा नेमका कुठे होता, हे आता धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभं राहून मला दाखवता येणार नाही. शेवटची पाचेक वर्षं आई माझ्याकडे करंजाड्याला होती. दरवर्षी होळी आली की विचारायची, "जोमा-पदूचा नवा आयला का? लाव बगू." मी कौतुकाने लावायची. मला वाटायचं, म्हातारपणी का होईना, आईला त्यांची गोडी लागली. ती सगळी गाणी बसून ऐके, शेवटपर्यंत. आणि मग "बरं हाय" म्हणून उठे.

धवला ऐकल्यावर मी आधी गावच्या जुन्या बायकांना फोन केले. उलव्याला राहणाऱ्या मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचे पोटची तू. तुलाच येत नाय, तं आमाला कसा येनार?" तिने टोमणा मारला नव्हता. मला तो लागला.

मग उरले ते दोघे भाऊच. त्यांनी उंबऱ्यापर्यंतचा मिळवलाय, म्हणजे पुढचाही त्यांच्याकडे असणार. गेल्या रविवारी सकाळी मी गव्हाणला त्यांच्या घरी गेले. ज्यांना आयुष्यभर कव्हरावर पाहिलं, त्यांच्या दाराची बेल वाजवण्याआधी मी पंधरा वर्षांच्या पोरीसारखे केस दोनदा सारखे केले. एवढं सगळं होऊनही! माणसाला स्वतःची चीड यावी ती अशा वेळी.

दार जोमाकाकांनीच उघडलं. बनियन, लुंगी, गळ्यात मफलर. मी नाव सांगितलं, ते त्यांना कळलं नाही. मग आईचं सांगितलं. "हिराबाय धवलारणीची लेक."

त्यांनी वळून आत हाक मारली, "पदू, अरे ये बाहेर! आयली! हिराबायची पोर आयली!"

एवढ्या आनंदाने माझं स्वागत माझ्या सासरीही कधी झालेलं नाही. पदूकाका काठी टेकत आले. काकी पाणी घेऊन आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला आतल्या खोलीत नेलं. तिथे पेटी, माईक, आणि भिंतींना आवाज अडवायला लावलेला स्पंज.

"तुमच्याकडे आईचा धवला कसा आला?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? तिनं सोता येऊन दिला," जोमाकाका म्हणाले. "तुजं लगीन झालं त्या सालीच. पावसाच्या आदी. तीन दुपारी आयली, चालत. मी बोललू, हिराबाय, आमाला कशाला, आमी नाचाची गानी करनारी मानसं. तं बोलते कशी, माजे पोरीला तुमचाच आवाज गोड लागतं. तुमचे तोंडान तरी ती आयकंल."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. 

"मग इतकी वर्षं का नाही काढलात, काका?"

"कंपनीवाल्यांना दाखवला ना दर साली. ते बोलायचे, याच्याव नाचल कोन? आता कंपनी नाय, आपलाच च्यानल हाय. मी पदूला बोललू, आपुन दोघं आता पिकली पानं, निदान हाय तेवडा तरी टाकू."

आई दर होळीला काय शोधत होती, ते मला गव्हाणच्या त्या खोलीत कळलं. अकरा वर्षं उशिरा.

"हाय तेवढा म्हणजे?" मी म्हटलं. "काका, मी पुढच्यासाठीच आलेय. उंबऱ्यानंतरचा. माझ्या सायलीचं लग्न आहे वैशाखात."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. जोमाकाका हसले, मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं.

"आगो, तो आमच्याकडं कुटला? तो तिनं दिलाच नाय. तिचा नेम होता ना, दारातनं लेक निघाल्याबिगर पाठवनीचा म्हनाचा नाय. आमी लय मागला. ती बोलली, त्याची कालजी करू नका, तो माजे पोरीला सगला पाठ हाय. मी तिचे लग्नात तिला निघताना म्हनला, तिनं उंबऱ्यात उबं राहून आयकला, आनि परत म्हनून दाखवला. एक अक्षर चुकली नाय."



"आमाला वाटलाच होता," पदूकाका पहिल्यांदाच बोलले. "अर्धा टाकला का तू येशील. पुरा कराला." त्यांनी पेटी पुढे ओढली. काकी काही न सांगता सुपात मूठभर तांदूळ घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवून भिंतीला टेकून बसल्या. जोमाकाकांनी माईक माझ्या तोंडासमोर आणला. माईकमागचा लाल दिवा लागला.

"म्हन, बाय."

पदूकाकांनी सूर धरला. तोच सूर. त्यांनी भाता हलवत तो किती वेळ तसाच धरून ठेवला मला माहीत नाही. मी तांदळावर हात ठेवला होता, म्हणजे हात तिथे आपोआप गेला होता. डोळेही मिटले. वाटलं, कदाचित येईल. लहानपणी पन्नास लग्नांत माझ्या कानांवरून गेलाय तो. मी कान देऊन बसले. आत जोमा-पदूचीच गाणी होती. दोन रंगांत नावं घातलेली, तिन्ही वह्यांतली, सगळी तोंडपाठ.

"मला येत नाही, काका."

"इसरलीस व्हय? आठव, आठव. घाई नाय."

हो म्हणून सुटता आलं असतं. विसरलं तर माणसाला कोणी दोष देत नाही. पण त्या तिघांच्या तोंडांकडे बघून मला ते जमेना.

"विसरले नाही. मी शिकलेच नाही. माझ्या लग्नात मी तिला म्हणूच दिला नव्हता. तिने सुरू केला आणि मी तिला गप्प केलं. तुमची नवीन कॅसेट लावायची होती म्हणून."

पेटीचा सूर आपोआप विरत गेला. जोमाकाकांनी दिवा बंद केला.  काकी उठून आत गेल्या.

"मग ती असं कशाला बोलली?" जोमाकाकांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, पदूकाकांकडे बघून.

कशाला ते मला कळत होतं. लेकीने भर मांडवात तोंड बंद केलं, हे कोणत्या तोंडाने ती परक्या घरात सांगणार? तिने माझी अब्रू राखली. मी जिच्यावर हसले होते, तिने तीन दुपारी चालत येऊन, माझ्या आवडत्या माणसांपुढे मला गुणी लेक करून ठेवलं. अठ्ठावीस वर्षं मी या घरात गुणी लेक होते. त्या सकाळी स्वतः रिक्षा करून आले आणि ते मोडून टाकलं.

निघताना जोमाकाका दारापर्यंत आले. वाईट त्यांनाही वाटलं होतं, पण ते गाणारे आहेत, कार्यक्रम थांबवायचा नसतो हे त्यांना ठाऊक. त्यांनी लग्नाची तारीख विचारली, आमी दोघं येनार म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोर निघताना काय वाजवू, बाय?"

मला दुसरं काही येत नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं नवीन जे असेल ते."